शिक्का कोणाच्या खिशात?

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे लखुजीराजे जाधवांच्या वाड्याकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. १५९८ साली येथेच जिजाऊंचा जन्म झाला आणि त्या पुण्याईने अवघा बुलढाणा जिल्हा मातृतीर्थ म्हणून ओळखला जातो. राजमातेच्या चरणी माथा टेकण्यासाठी लोटणाऱ्या या जनसागरात गावोगावच्या महिला सरपंचही असतात. मात्र दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात डोकावले, तर सरपंचांच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले आढळतात, असा अनुभव वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत येतो. ग्रामसेवक त्यांनाच ‘भाऊ, या ठरावाचं काय करायचं?’ असे विचारतो, ठेकेदार त्यांनाच नमस्कार घालतो आणि ‘सही संध्याकाळी घरून आणून देतो’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात काही विपरीत आहे याची जाणीवही कोणाला उरत नाही. या मंडळींसाठी लोकांनी एक पदनामही घडविले आहे : सरपंचपती! कोणत्याही कायद्यात नसलेले, कोणत्याही निवडणुकीत न लढविलेले आणि तरीही ज्याच्यावाचून गावचे पान हलत नाही, असे हे पद.

हा विषय निघाला की, तो थट्टेवारी नेण्याकडे सर्वांचा कल असतो. वस्तुतः त्यामागचा प्रश्न गंभीर आहे आणि तो केवळ गावपातळीचाही नाही. सत्तापदावर बसलेल्या व्यक्तीच्या पतीचे अथवा पत्नीचे त्या सत्तेत नेमके स्थान कोणते, या प्रश्नाने जगात अनेक देशांना पेचात टाकले आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मध्य अमेरिकेतील चिमुकल्या देशांत तर त्याने न्यायालये आणि राज्यघटना ढवळून काढल्या आहेत.

ग्वाटेमालाचे उदाहरण घ्यावे. तेथे १९९१ साली ‘राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे समाजकार्य सचिवालय’ या नावाचे सरकारी खातेच स्थापन झाले. म्हणजे विवाह हीच पात्रता. २००८ साली आल्वारो कोलोम राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी सान्द्रा तोरेस यांना एवढेही पुरेसे वाटले नाही. गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देणाऱ्या योजनांचा समन्वय करणारी एक परिषद निर्माण झाली आणि तिची सूत्रे त्यांच्या हाती आली. मुलांना शाळेत पाठवावे, त्यांची आरोग्य तपासणी करून घ्यावी आणि त्या बदल्यात साहाय्य मिळावे, ही योजना वाईट नव्हती. परंतु लाभार्थ्यांच्या याद्या उघड करण्याचा प्रश्न आला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली पद गमवावे लागले ते शिक्षणमंत्र्यांना! योजनेचा चेहरा असलेल्या बाई मात्र जागच्या जागी राहिल्या. ज्यांनी शपथ घेतली ते शिक्षेस पात्र ठरले. ज्यांनी शपथ घेतलीच नव्हती, त्यांना जाब कशाच्या आधारे विचारणार?

पुढचा प्रसंग तर नाटकात शोभावा असा आहे. ग्वाटेमालाच्या राज्यघटनेचे १८६ वे कलम राष्ट्राध्यक्षाच्या निकटच्या नातलगांना त्या पदाची निवडणूक लढविण्यास मज्जाव करते. २०११च्या निवडणुकीत उतरण्याची सान्द्राबाईंची इच्छा होती. तेव्हा या दांपत्याने सरळ घटस्फोट घेतला! नाते संपले, म्हणजे अपात्रताही संपली, असा हा युक्तिवाद. घटनेला बगल देण्यासाठी संसार मोडण्याचे असे उदाहरण विरळाच. तेथील घटना न्यायालयाने तो मानला नाही आणि ऑगस्ट २०११ मध्ये त्यांची उमेदवारी बाद ठरली. त्यानंतर २०१५, २०१९ आणि २०२३ अशा तीन निवडणुका त्यांनी रीतसर लढविल्या, तिन्ही वेळा त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या आणि तिन्ही वेळा मतदारांनी दुसऱ्याला निवडले.

त्याच टापूतील निकाराग्वात उलट घडले. तेथे घटनेने नात्याला अडविण्याऐवजी नात्यासाठी घटनाच वाकविण्यात आली. दानिएल ओर्तेगा २००७ साली पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हापासून त्यांच्या पत्नी रोसारिओ मुरिय्यो शासनाचा आवाज बनल्या. २०१७ साली त्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २०२५च्या प्रारंभी राज्यघटनेत बदल करून पती-पत्नी दोघेही ‘सहराष्ट्राध्यक्ष’ झाले. होंडुरासमध्ये मान्युएल सेलाया यांना २००९ साली लष्कराने सत्तेवरून हाकलले आणि पुढे २०२२ साली त्यांच्या पत्नी सिओमारा कास्त्रो राष्ट्राध्यक्ष झाल्या. माजी राष्ट्राध्यक्ष असलेले यजमान सल्लागार म्हणून शेजारी होतेच. निवडून आलेल्या बाईंच्या शेजारी यजमान, हे चित्र बुलढाण्याच्या वाचकाला अगदीच परके वाटू नये!

राष्ट्रपती भवनातील रिकामी जागा

भारताच्या राज्यघटनेने या बाबतीत एक शहाणपणाचे मौन पाळले आहे. राष्ट्रपतिपदाचा विचार ५२व्या कलमापासून सुरू होतो. निवडणूक, पात्रता, शपथ, महाभियोग या सर्वांची तेथे तपशीलवार व्यवस्था आहे. परंतु राष्ट्रपतींच्या पत्नीचा वा पतीचा उल्लेख नाही. वेतन व निवृत्तिवेतनाच्या १९५१च्या कायद्यात जोडीदार डोकावतो, तो कुटुंब निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय सोयी अशा कौटुंबिक गोष्टींपुरताच. ‘प्रथम महिला’ ही उपाधी वृत्तपत्रांची, कायद्याची नव्हे.

या जागेची शासनाला गरज आहे का, याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. २००२ ते २००७ या काळात डॉ. अब्दुल कलाम राष्ट्रपती होते. ते अविवाहित होते. प्रणव मुखर्जी यांच्या पत्नी शुभ्रा यांचे २०१५ साली निधन झाले आणि उरलेली दोन वर्षे राष्ट्रपतींनी एकट्यानेच काढली. २०२२ साली पदावर आलेल्या द्रौपदी मुर्मू यांच्या पतीचे निधन त्यापूर्वीच झाले होते. यांपैकी कोणत्याही काळात राष्ट्रपती भवनाचा एकही कागद अडला नाही की एकही स्वागतसमारंभ खोळंबला नाही.

२००७ साली मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला आणि तो महाराष्ट्राच्या, त्यातही विदर्भ-खानदेशच्या मातीतून उभा राहिला. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्या वेळी ‘राष्ट्रपती’ या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप काय, यावर वृत्तपत्रांतून बराच खल झाला. वास्तविक ‘पती’ या शब्दाचा अर्थ येथे स्वामी, पालक असा आहे. सेनापती, कुलपती यांसारखाच. त्यामुळे स्त्री असो वा पुरुष, शब्द तोच चालतो. गंमत अशी की, त्याच भाषेने ‘सरपंचपती’ हा शब्द तयार केला, तेव्हा त्यातला ‘पती’ नवरा या अर्थी योजला होता. पण व्यवहारात तो स्वामी या अर्थानेच खरा ठरला. शब्दाच्या दोन्ही अर्थांचा असा संगम क्वचितच पाहावयास मिळतो.

प्रतिभाताईंचे पती डॉ. देवीसिंह शेखावत हे राष्ट्रपतींचे यजमान म्हणून राष्ट्रपती भवनात राहणारे पहिले पुरुष. ते स्वतः कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. रसायनशास्त्रातील पीएच.डी., प्राचार्य, १९८५ ते १९९० या काळात अमरावतीचे आमदार आणि त्यानंतर अमरावतीचे पहिले महापौर, असा त्यांचा प्रवास होता. परंतु येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेतली पाहिजे. प्रतिभाताई १९६२ साली विधानसभेवर निवडून आल्या, तेव्हा त्यांचा विवाहही झालेला नव्हता. तो १९६५ साली झाला. पुढे अनेक वर्षे त्यांनी एदलाबादचे प्रतिनिधित्व केले. आजच्या मुक्ताईनगरचा हा परिसर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरचा शेजार. यजमान आमदार होण्याच्या तेवीस वर्षे आधी पत्नी आमदार होत्या, मंत्रीही झाल्या होत्या. त्यांच्या सार्वजनिक जीवनाची पायाभरणी त्यांची स्वतःची होती आणि म्हणून त्यांच्या नावाने राज्य दुसराच कोणी चालवितो, असे म्हणण्याची सोय विरोधकांनाही नव्हती.

त्यांच्या कारकीर्दीवर टीका झाली नाही, असे नाही. परदेश दौऱ्यांवर दोनशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाल्याचे २०१२ साली माहितीच्या अधिकारातून बाहेर आले आणि त्या दौऱ्यांतील कुटुंबीयांची उपस्थिती चर्चेचा विषय झाली. २००९च्या विधानसभा निवडणुकीत अमरावतीत विद्यमान मंत्री असलेल्या सुनील देशमुख यांना डावलून काँग्रेसने राष्ट्रपतींच्या पुत्राला उमेदवारी दिली, तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या. ही टीका अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि पाच वर्षांच्या काळात राष्ट्रपतींची स्वाक्षरी राष्ट्रपतींच्या यजमानांनी ठरविली, असा आरोप झाला नाही. शेखावत समारंभांत पत्नीसमवेत दिसले आणि त्यांची ओळख तेवढ्यापुरतीच राहिली. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. माजी आमदार, माजी महापौर आणि देशाच्या प्रथम नागरिकाचा पती, अशा माणसाने पत्नीच्या पदापासून चार पावले दूर राहणे, ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही.

येसूबाईंचा शिक्का

मग पती-पत्नींनी एकमेकांच्या राज्यकारभारात हातच घालू नये काय? मराठ्यांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर निराळे देतो. छत्रपती संभाजी महाराजांनी महाराणी येसूबाईंना राज्यकारभारात अधिकार दिला, तेव्हा तो अंतःपुरातून, कानात कुजबुजून चालविण्याचा अधिकार नव्हता. येसूबाईंचा स्वतःचा शिक्का होता : ‘श्री सखी राज्ञी जयति’. ज्या कागदावर हा शिक्का उमटला, त्याची जबाबदारी कोणाची, याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहिला नसेल. शंभूराजे मोहिमांवर असताना रायगडी कारभार पाहणारी व्यक्ती कोण, हे रयतेला आणि अधिकाऱ्यांना उघडपणे ठाऊक होते.

या अधिकाराची कसोटी १६८९ साली लागली. शंभूराजांची क्रूर हत्या झालेली, मोगलांची फौज रायगडाभोवती आवळत चाललेली. अशा वेळी येसूबाईंनी राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडावे, असा निर्णय घेतला आणि स्वतः बाल शाहूंसह गडावर थांबल्या. गड पडला. येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ साली, तब्बल तीस वर्षांनी, स्वराज्यात परतल्या. अधिकार त्यांच्या नावाने होता आणि त्याची किंमतही त्यांनी स्वतःच मोजली. हातात शिक्का असणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

जिजाऊंचेही तसेच. १६६६ साली आग्र्यास निघताना शिवाजी महाराजांनी राज्य मातोश्रींच्या हाती सोपविले, ते जाहीरपणे. पुत्र शत्रूच्या कैदेत असताना राज्य अभंग राहिले, कारण आज्ञा कोणाची घ्यायची याविषयी किल्लेदारांत आणि कारभाऱ्यांत गोंधळ नव्हता. सोपविलेला अधिकार आणि बळकावलेला अधिकार यांतला भेद आपल्या पूर्वजांना पुरता कळत होता.

जेथे हा भेद पुसला जातो, तेथे काय होते, तेही पुण्याने पाहिले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. परंतु लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या त्या आनंदीबाई आणि त्यांनी केलेला ‘ध’चा ‘मा’. त्यांनी अक्षर बदलले की नाही, याचा निर्णायक पुरावा नाही. पण ज्याच्या प्रभावाला नाव नाही, शिक्का नाही, कागद नाही, त्याच्याविषयी प्रवाद पसरला तर तो खोडून काढण्यासही कागद नसतो.

सही बाईंची, कारभार भाऊंचा

आता पुन्हा बुलढाण्याच्या गावात यावे. ७३व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली, २०२० साली ती गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. थेट निवडणुकीने सरपंचाचे वजन वाढले. साऱ्या गावाची मते घेऊन आलेली स्त्री सदस्यांच्या फोडाफोडीवर अवलंबून राहत नाही. पण त्याचबरोबर तिच्या नावामागे उभ्या असलेल्या माणसाचेही वजन वाढले. आरक्षण फिरून जागा खुली होईपर्यंत राखण म्हणून घरातल्या बाईला उभे करायचे, भित्तिपत्रकावर तिच्या छायाचित्राशेजारी स्वतःचे तेवढेच मोठे छायाचित्र लावायचे आणि निकालानंतर गुलाल स्वतःच्या कपाळी घ्यायचा, ही रीत आता कोणाला खटकतही नाही.

यातला खरा अन्याय खुर्चीचा नाही, तो सहीचा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ३८व्या कलमाने पंचायतीची कार्यकारी सत्ता सरपंचाकडे दिली आहे आणि ३९व्या कलमाने गैरवर्तन अथवा कर्तव्यात कसूर झाल्यास त्याच सरपंचाला पदावरून दूर करण्याची तरतूद केली आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात निधीची देयके ऑनलाइन झाली. सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीविना पैसा हलत नाही. ही स्वाक्षरी म्हणजे पेनड्राइव्हसारखे दिसणारे एक छोटे डोंगल आणि त्याचा पासवर्ड. हाच आजचा शिक्का! तो बाईंच्या कपाटात नसतो. तो भाऊंच्या खिशात असतो, कधी ठेकेदाराकडे, तर कधी संगणक चालविणाऱ्या मुलाच्या खणात पडलेला असतो. उद्या नालीच्या कामात अथवा पाणीपुरवठ्याच्या देयकात गफलत निघाली, तर चौकशीची नोटीस कोणाच्या नावाने येणार? भाऊंचे नाव कोठेही नसते. ग्वाटेमालात मंत्री गेला आणि बाई राहिल्या. येथे बाई जाते आणि भाऊ राहतो. देयकाचा कागद आयुष्यात कधी न पाहिलेली स्त्री अपात्र ठरते, तिच्या नावाने वसुली निघते आणि ज्या गावाने तिला निवडून दिले, तेच गाव तिच्याकडे बोट दाखवते.

याची दुसरी बाजू नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्यांदाच निवडून आलेल्या स्त्रीला शासकीय भाषा परकी असते. पंचायत समितीची बैठक दुपारी लांबते आणि गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. निघून जाते. जळगाव जामोद वा संग्रामपूरच्या सातपुड्यालगतच्या गावांतील बाईला बुलढाण्यास जिल्हा परिषदेत जायचे, तर अख्खा दिवस मोडतो. घरी गुरे, शेत, लेकरे आहेतच. अशा वेळी यजमान मोटारसायकलवर घेऊन जातात, कागद वाचून दाखवतात, अधिकाऱ्याशी ओळख करून देतात. ही संसारातली साथ आहे आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत. पुरुष सरपंचाची पत्नीही शिवार सांभाळून, पाहुण्यांचा राबता सोसून त्याच्या सरपंचकीला हातभार लावतेच. मात्र ती त्याच्या खुर्चीवर जाऊन बसत नाही. दालनाच्या दारापर्यंत सोबत यावे आणि दाराशी थांबावे, ही मर्यादा जिला एरवी कमी शिकलेली म्हणतात त्या बाईला समजते. यजमानांना ती समजण्यास अडचण नसावी.

सर्वोच्च न्यायालयात हा विषय २०२३ साली गेला. त्यानंतर केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने सुशीलकुमार या माजी सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२५ साली समोर आला. प्रतिनिधी म्हणून मिरविणाऱ्या पतीला जरब बसेल असा दंड, महिला सरपंचांना सातत्याने प्रशिक्षण, तसेच ग्रामसभेसमोर जाहीर शपथविधी अशा शिफारशी तिने केल्या आहेत. यांतील शपथविधीची सूचना सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. दंडाला पळवाटा असतात. पण सारे गाव बसलेले असताना ज्या स्त्रीने आपल्या तोंडाने शपथ घेतली, तिला उद्या कारभारात मुके करणे यजमानांनाही थोडे जड जाते आणि तिलाही गप्प बसणे जड जाते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा नियम महाराष्ट्रात आहेच. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरात भरते. ती खरोखर भरली आणि सरपंचबाईंनी गावच्या बायांपुढे जमाखर्च स्वतः वाचला, तर आकडे त्यांच्या ओळखीचे होतील. वाचताना अडखळल्या, तरी हरकत नाही. नव्याने निवडून आलेले पुरुषही पहिल्या अंदाजपत्रकाला अडखळतात, फक्त त्याची बातमी होत नाही.

राहिला तो शासनाचा भाग. गटविकास अधिकारी ग्रामपंचायतीला भेट देतात, दप्तर तपासतात, शेरा लिहितात, चहा घेतात आणि ‘भाऊं’चा निरोप घेऊन निघतात. पुढच्या भेटीत त्यांनी भाऊंना बाहेर बाकावर बसवून सरपंचबाईंना एवढाच प्रश्न करावा : ‘ताई, तुमचं डोंगल जरा दाखवता का?’